घासलेलं झाकण

वत्सलाबाई गांगुर्डे नाशिकच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायच्या. चाळिशी उलटल्यावर त्यांनी पीएचडीला नाव घातलं होतं. सकाळी तास, दुपारी प्रॅक्टिकल, आणि पोरं गेली की आपलं काम: डीएनएचं द्रावण एकेक अंशानं तापवायचं आणि त्याचे दोन धागे कितीला उलगडतात ते टिपायचं. मॅग्नेशियम घातलं की धागे एकमेकांना घट्ट धरतात, उलगडायला जास्त तापवावं लागतं. बाईंचे आकडे मात्र दीड वर्ष खालीच येत होते. पुण्याचे मार्गदर्शक पत्रातून विचारत, "हात स्थिर आहे ना तुमचा?"

१९८३च्या एप्रिलात त्यांना पाण्याचाच संशय आला. वाफ थंड करून धरलेलं शुद्ध पाणी. ते दोन लिटर आटवून चमचाभर केलं, त्यात अमोनिया टाकला. फिकट निळं झालं. तांबं! तेच धाग्यांत शिरून त्यांची पकड सैल करत होतं.

पाण्याचं यंत्र म्हातारे शिपाई मोतीराम सांभाळायचे.

"मामा, यंत्रातल्या उकळायच्या भांड्याचं झाकण कधी काढलं होतं?"

"मागल्याच्या मागल्या दिवाळीला. तपासणीवाले येणार होते ना. आतून लय काळं पडलेलं, चिंच-राखेनं घासलं. कसं लखलखलं!"

झाकण तांब्याचं. आतली कल्हई घासण्यात गेली होती, आणि वाफ उघड्या तांब्याला लागूनच पुढं जात होती.

बाई स्टुलावर बसल्या. रागावायचंही त्राण नव्हतं.

"माझ्यामुळं झालं का, बाई? मी सायबांना लिहून देतो."

"नको, मामा. दीड वर्ष मला तरी कुठं कळलं?"

बाईंनी मार्गदर्शकांना कळवलं. पुण्याहून उत्तर आलं: सगळं पुन्हा करा. कल्हईवर बाईंचा भरवसा उरला नव्हता. दर महिन्याला पुण्याहून काचेच्या यंत्रातलं पाणी दोन कॅन भरून त्या एसटीनं आणू लागल्या. स्टँडवर मोतीराम उभे असत. दोन्ही कॅन तेच उचलत.

पहिल्याच आठवड्यात आकडे वर गेले. आनंद व्हायला हवा होता. बाईंना नुसते उरलेले नव्वद नमुने दिसले.

८६ साली पदवीचं पत्र आलं. सातपूरच्या कारखान्यात पहिली पाळी करून आलेल्या नवऱ्यानं ते दोनदा वाचलं.

"झालं ना एकदाचं?"

"झालं," म्हणाल्या, आणि चपला न काढताच खाटेवर आडव्या झाल्या.