बाबलचा दुसरा भाग

"जित्या माणसाक पान वाढतंस? लाज नाय वाटत तुका?"

गुणाजी परबाने गच्चीच्या कठड्यावरचं केळीचं पान दोन्ही हातांनी उचललं आणि वरणभात, भोपळ्याची भाजी, खीर यांच्यासकट पाण्याच्या टाकीमागच्या कचऱ्याच्या डब्यात कोंबलं. आजूबाजूचे कावळे उडाले. सर्वपित्री अमावास्या होती. लालबागच्या त्या चाळीतल्या घरोघरची पानं गच्चीवर मांडलेली होती आणि ती मांडणाऱ्या बायकाही तिथेच उभ्या होत्या. त्यांच्यादेखत हा तमाशा झाला. गुणाजीने आपल्या बापाच्या पानाला हात लावला नव्हता. त्याच्या शेजारचं दुसरं पान कुणाचं, हे त्याला कुणी सांगायची गरजच नव्हती, कारण त्या पानावर एक वडापाव ठेवलेला होता. परबांच्या आज्या-पणज्यांमध्ये वडापाव खाणारा कोणी नव्हता.

वडापाव खाणारा होता धनेश, त्यांचा एकुलता एक मुलगा. मालवाहू बोटीवर खलाशी म्हणून गेला आणि एका सकाळी हजेरीला आलाच नाही. बोटीवर सगळीकडे शोधलं, बोट मागे वळवून समुद्रातही शोधलं, आणि मग कंपनीने कळवलं की तो पाण्यात पडला असावा. त्या 'असावा'ला आता सात वर्षं झाली होती.

ते पान वाढलं होतं त्याच्या बायकोने, रमाबाईने. ती खोलीत आली, दार लोटलं आणि मग बोलली.

"सात वर्सां तो खाऱ्या पाण्यात आसा. गोड्या पाण्याचो एक घोट तेका कोण देतलो? तुमचा ता पुस्तक?"

"तो मेलेलो कोणी बघल्यान?"

"जितो तरी कोणी बघल्यान? आणि ह्या पोरीक बघा. ना धड सवाशीण, ना विधवा. मधीच लोंबकळता. तिच्या आवशीबापाशीक काय तोंड दाखवूचा आमी?"

पोरगी म्हणजे वैशाली, धनेशची बायको. ती कोपऱ्यात डब्याची पिशवी भरत होती. लोअर परळच्या मॉलमध्ये ती बिलाच्या काउंटरवर बसायची. कपाळाला टिकली लावावी की नाही, यावर गेली सात वर्षं चाळीतल्या बायकांनी पुष्कळ विचार केला होता, तिला कोणी विचारलं नव्हतं. सासूसासऱ्यांचं भांडण तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, चपला घातल्या आणि कामाला गेली.

गुणाजी कसा माणूस होता ते सांगायला हवं, नाहीतर तो नुसताच हट्टी म्हातारा वाटेल. हट्टी तो होताच, पण चित्रकार होता. गणपतीतले देखावे रंगवण्यात त्याचा जन्म गेला. तरुणपणी खेतवाडीतल्या एका रद्दीच्या दुकानात त्याला एक मोठं, पुठ्ठ्याचं, रंगीत पुस्तक मिळालं. कुणा परदेशी साहेबाने घर आवरताना विकलेलं. फ्रेंच भाषेतली चित्रकथा होती, दर्यावरच्या साहसाची. गुणाजीला इंग्रजीच जेमतेम, तिथे फ्रेंच कुठून येणार? पण चित्रं त्याला कळली. एकसारखी काळी रेघ, कुठे जाड नाही, कुठे बारीक नाही. सावल्यांचा काळोख नाही. आणि तरी बोटीवरचा दोर कसा गुंडाळलाय, कंदील कुठल्या खिळ्याला टांगलाय, सगळं चोख. गुणाजी ते पुस्तक उशाशी घेऊन झोपायचा. पुढे त्याने मंडळाचे देखावेही तसेच केले. रांग पुढे सरकेल तशी एकेक चौकट यायची, एका चौकटीत माणसाने हात उगारला की पुढच्या चौकटीत तो पडलेला असायचा. लोक रांगेत चालता चालता गोष्ट वाचायचे. मंडळाची पोरं त्याला मास्टर म्हणायची. आता मंडळाने मोठा पडदा आणलाय आणि मास्टरकडे कमानीचे खांब रंगवायचं काम राहिलंय, तो भाग सोडा.

धनेश लहान होता तेव्हा गुणाजी त्याला मांडीवर घेऊन हे पुस्तक वाचायचा. वाचायचा म्हणजे चित्रं बघून मालवणीत ठोकून द्यायचा. पिवळ्या रेनकोटातल्या त्या दाढीवाल्या खलाशाचं नाव त्याने बाबल ठेवलं होतं. लंगडा आचारी होता, त्याला म्हणायचे आबू. बाबल चाच्यांशी लढायचा, बर्फात अडकायचा, दर वेळी सुटायचा. फक्त शेवटच्या चौकटीत वादळात बाबल बोटीवरून काळ्या पाण्यात पडायचा, आणि तिथे पुस्तक संपायचं.

"बाबा, फुडे?" धनेश विचारायचा.

"फुडे काय? येता तो. बाबल मरता काय कधी?"

रोज तेच. पोराला ते पुरलं. मोठा झाल्यावर त्याने एके दिवशी सरळ सांगितलं, मी बोटीवर जाणार. रमाबाई रडली, अंगारे-धुपारे केले. गुणाजीने मात्र पोराच्या पाठीवर थाप मारली. गोदीच्या दारापर्यंत सोडायलाही तोच गेला होता. आता धनेश मेला असं म्हणायचं, तर त्याला पाण्यात कोणी ढकललं, या प्रश्नाचं उत्तर गुणाजीला ठाऊक होतं. म्हणून तो मेलेला नव्हता.

त्यातून वैशालीनेच नकळत आगीत तेल ओतलं होतं. धनेश गेला त्या वर्षी सासऱ्याचं मन रमावं म्हणून ती ते पुस्तक माटुंग्याला ओळखीच्या रश्मी मॅडमकडे घेऊन गेली. मॅडम कॉलेजात फ्रेंच शिकवायच्या. शेवटच्या पानाच्या कोपऱ्यातली बारीक अक्षरं वाचून त्या म्हणाल्या, "इथे लिहिलंय, पुढचं दुसऱ्या भागात." झालं! गुणाजीने ते वाक्य घट्ट धरलं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. इथे बुडाला होता मुलगा आणि काडी धरून बसला होता बाप. क्रियाकर्माचा विषय निघाला की तो म्हणायचा, "दुसरो भाग येवंदे. मगे बघूया." माणसं चेष्टेवारी न्यायची. रमाबाईला मात्र कळायचं की हा चेष्टा करत नाहीये.

त्या अमावास्येला वैशाली संध्याकाळी घरी आली. हातपाय धुतले, कपाट उघडलं, साड्यांच्या खालून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि सासऱ्यापुढे ठेवलं.

"बाबा, हा दुसरा भाग."

गुणाजीने कागद सोडला. "कधी गावलो?"

"झाले बरेच दिवस. रश्मी मॅडम फ्रान्सला गेल्या होत्या, त्यांनी जुन्या पुस्तकांच्या दुकानात शोधला."

"आणि माका आज दितंस?"

"द्यायचा नव्हताच. पण सकाळी तुम्ही आईंनी वाढलेलं पान टाकलंत."

गुणाजीने ते ऐकलं की नाही कोण जाणे. त्याने साबणाने हात धुतले, टेबल पुसलं, चष्मा लावला आणि पुस्तक उघडलं. मुखपृष्ठावर खिळ्याला टांगलेला पिवळा रेनकोट होता. त्यात माणूस नव्हता. घाईत ते त्याच्या लक्षात आलं नाही.

"ह्यो बघ आबू," तो मोठ्याने वाचू लागला, जसा पूर्वी वाचायचा. "होडी खाली सोडल्यानी. कंदील घेतल्यानी. बाबल, ए बाबल! शोधतत... शोधतत... आता बोट मागे फिरवल्यानी." पान उलटलं. "बाबल खयतरी फळकुटाक धरून आसतलो. फुडच्या पानावर येतलो." पान उलटलं. "मधी खयतरी येतलो." मग तो बोलायचा थांबला. नुसती पानं उलटू लागला, भराभर, शेवटपर्यंत. शेवटच्या चौकटीत बोटीचं सुकाणू लंगड्या आबूच्या हातात होतं. गुणाजी पुन्हा मागे आला आणि मधल्या एका पानावर अडकला.

त्या पानावर एक लहानसं बंदर होतं. लाकडी पेटी होती, आणि दोन माणसं पेटीत पिवळा रेनकोट घडी करून ठेवत होती. अंग नव्हतं, नुसता रेनकोट. खालच्या चौकटीत ती पेटी खड्ड्यात उतरवत होते. पानभर एकही शब्द नव्हता, त्यामुळे आपल्याला भाषा येत नाही असं म्हणायचीही सोय नव्हती.

"ह्या खोटा," गुणाजी म्हणाला. "हात दुसरो आसा. रेघ बघ, कशी जाड येता. ह्यो तो माणूस नाय. दुसऱ्याच कोणी काढल्यान."

"हो," वैशाली म्हणाली. "मॅडमनी सांगितलं. पहिला चित्रकार मधेच वारला. पुढचं त्याच्या हाताखालच्या माणसाने काढलं."

"मगे? आपल्या मनाचा काढल्यान! तो असतो तर बाबलाक मारतो काय?"

रमाबाई ओट्यापाशी भाकऱ्या थापत होती. तिने हात पुसले आणि टेबलापाशी आली. गुणाजीच्या त्या पुस्तकाचं तिने उभ्या आयुष्यात तोंड पाहिलं नव्हतं. घरात सवत असावी तशी ती त्याला वागवायची. आज ती वाकली आणि पानाच्या अगदी तळाच्या चौकटीवर तिने पीठ लागलेलं बोट ठेवलं.

"ही कोण?"

होडीत एक म्हातारी उभी होती, डोक्याला काळं फडकं बांधलेली.

"आवस तेची," गुणाजी म्हणाला.

"काय सोडता पाण्यात?"

"फुलां."

"हिका आपलो झील बाबल गावलो?"

"नाय."

"तरी सोडता?"

गुणाजी पान उलटायला गेला, तिने बोट उचललं नाही.

"आणि ह्यो मागे कोण? घोव तिचो?" रमाबाईने चित्र आणखी जवळून पाहिलं. "बघा, तिचो हात धरून उभो आसा. ती पडात म्हणान. तिका अडवूक नाय तेना."

गुणाजी बराच वेळ त्या म्हाताऱ्याच्या हाताकडे पाहत होता. रेघ जाड असली तरी हात बरोबर काढला होता, एवढं त्याला कबूल करावंच लागलं. मग त्याने चष्मा काढला आणि टेबलावर डोकं टेकून तो रडला. धनेश गेल्याची बातमी आली तेव्हा रडला नव्हता, ते सगळं रडला. "मीच धाडलंय तेका, मीच धाडलंय," एवढंच म्हणत राहिला. रमाबाईने त्याला नाही म्हटलं नाही. खोटं बोलणं तिला जमत नसे. पण ती उठून गेलीही नाही. तव्यावरची भाकरी करपली, ती वैशालीने उतरवली.

प्रेत मिळालं नाही तर पळसाच्या पानांचा आणि दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. दिवाळी उलटल्यावर भटजींनी दिवस काढून दिला आणि परब कुटुंब चंदनवाडीच्या स्मशानात गेलं. चाळीतली चार माणसं बरोबर होती. मंडळाचा सेक्रेटरी अभय गाडी घेऊन आला होता. वैशालीचे वडील आले होते, ते लेकीच्या बाजूला अवघडून उभे होते. मंत्र म्हणत भटजींनी पुतळा बांधत आणला. पानांचं अंग, दर्भाचे हातपाय आणि डोक्याच्या जागी नारळ. पुतळा लहान होता. धनेश दाराच्या चौकटीत वाकून येणारा माणूस, त्याचं हे एवढंसं झालेलं बघून रमाबाईने तोंडात पदर कोंबला.

"आता अग्नी घ्या," भटजी म्हणाले.

गुणाजीने खांद्याच्या पिशवीतून काळ्या रंगाची डबी आणि ब्रश काढला.

"काका, काय करताय?" अभय हळूच म्हणाला.

"याची काही गरज नसते हो," भटजी म्हणाले. "शास्त्रात नाही असं."

"नसेल," गुणाजी म्हणाला. "पण तोंड नसलेल्या माणसाला मी आग कशी लावू, महाराज? कुणाला लावली ते मला कळायला नको?"

भटजींनी रमाबाईकडे पाहिलं. तिने मान हलवली. मग तेही मागे सरले.

गुणाजी खाली मांडी घालून बसला. नारळ त्याने एका हाताने असा धरला की पुतळा हलणार नाही. हल्ली खांब रंगवतानाही त्याची रेघ वाकडी जायची. आज त्याने श्वास रोखून काढली. आधी भुवया, मग डोळे. डावा डोळा जरा लहान. नाक आवशीचं. हनुवटीवर जिन्यावरून पडल्याची खूण होती, ती काढली. एक रेघ कुठे जाड नाही, कुठे बारीक नाही. कान काढले. ओठ काढताना तो थांबला, वैशालीकडे वळून बघितलं. ती पुढे आली, उकिडवी बसली आणि म्हणाली, "थोडा हसरा होता, बाबा. एका बाजूने." त्याने तसे काढले.

धनेश त्यांच्यासमोर पडला होता. वैशालीच्या वडिलांनी चष्मा काढून खिशात ठेवला. रमाबाईने पुढे होऊन नारळाला नाही, पानांच्या छातीला हात लावला आणि तांब्यातलं पाणी पळीने त्याच्या ओठांशी सोडायला गेली.

"थांब गे," गुणाजीने तिचा हात धरला. "ओलो आसा अजून."

मग तो त्या चेहऱ्यावर वाकला आणि हळूहळू फुंकर घालू लागला. भटजींनी नुकतीच काडी पेटवली होती, ती त्यांनी विझवली. कोणी घाई केली नाही.