पंचवीस मेंढरांचा गोळा

बिरदेव भावजींचं पत्र आलं तेव्हा माझ्या सासूबाई, अनसाबाई, घोंगडीला चिंचोक्याची खळ लावत होत्या. कोकरांची पहिली लोकर, सूत त्यांच्याच हातचं. घोंगडी धाकट्या लेकासाठी होती आणि लेक कारगिलच्या डोंगरात, लढाईत. मी पत्र मोठ्यानं वाचलं.

"आई, इथं रात्रंदिवस तोफा चालतात. आमचे सुभेदार म्हणतात, एका गोळ्याच्या पैशात पंचवीस मेंढरं येतील. गोळे वर आदळतात तेवढ्यात आम्ही पुढं सरकतो. गोळे थांबले की आम्ही दगडाला चिकटून बसतो. गारठा फार आहे."

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. त्यांचा हात खळीतच थांबला. "पंचवीस? एका गोळ्याला?"

"व्हय, आत्याबाई."

"आन् दिवसाला किती सोडत्यात?"

"शेकड्यानं. महिना झाला."

त्या अंगणातल्या मेंढरांकडं बघत राहिल्या. आमची सगळी मिळून बेचाळीस. दोन गोळेसुद्धा होत नव्हते.

"एवढा पैका सरकार आणतं कुठनं गं?"

मी दहावी शिकलेली, म्हणून घरात असले प्रश्न माझ्याकडं. "आपल्याकडनंच. काडेपेटी, साबण, चहा, तंबाखू, सगळ्यात थोडा थोडा कर असतो."

"म्हंजी मी मिश्री लावती, ती बी फौजेला जाती?"

"थोडी जाती."

"आन् तुझा सासरा मला मिश्रीपायी बोलतोय!" त्या हसल्या. "न्हाई पुरलं तर?"

"मग लोकांकडनं कर्ज काढतं."

"फेडायचं कुणी?"

मांडीवर माझी स्वप्नाली दूध पिता पिता झोपली होती. सात महिन्यांची. मी तिच्याकडं बघितलं. आत्याबाईंनीही बघितलं. त्यांनी तिच्या टाळूवरून बोटं फिरवली आणि पुन्हा खळ लावायला घेतली.

बाजाराच्या दिवशी आम्ही खुटबावहून वरवंडला निघालो. घोंगडीचं पार्सल मी कापडात शिवलं होतं, वर भावजींचा पत्ता घातला होता. पोस्टाच्या वाटेवर आमच्याच गावचे हौसरावआप्पा टेबल मांडून बसले होते. पुढं पत्र्याचा डबा, मागं फळ्यावर खडूनं 'जवानांसाठी'. आत्याबाई तिथंच उभ्या राहिल्या.

"आप्पा, ह्या घोंगडीचा गोळा व्हतो का?"

"घोंगडीचा?"

रांजणगावच्या कंपनीत जाणारा जालिंदर रात्रपाळी करून आलेला, तरी जीभ ताजी होती. "मावशी, तोफेला थंडी वाजती काय?"

लोक हसले. आत्याबाई हसल्या नाहीत. "जत्रंत देवाच्या नारळाचा लिलाव करता, तसा करा हिचा."

आमच्याकडं जत्रेत नारळाची बोली लागते. जिंकणारा पैसे टाकतो आणि वाटलं तर नारळ देवाला परत करतो, मग पुन्हा बोली. एका नारळावर देवळाची पायरी झालेली आहे.

मी त्यांचा पदर ओढला. "आत्याबाई, भावजी गारठतील."

"घोंगडीनं गारठा जाईल. गोळ्यानं जीव वाचंल." त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. "शिवण उसव."

मी दातानं दोरा तोडला. तेवढ्यात स्वप्नालीनं घोंगडीचा काठ मुठीत धरला. आत्याबाईंनी तिचं एकेक बोट सोडवलं, अगदी हळू.

जत्रेत बोली पुकारणाऱ्या कोंडिबानं घोंगडी डोक्यावर धरली आणि तशीच आरोळी दिली. हौसरावआप्पा दोन हजार एक बोलले आणि त्यांनी घोंगडी परत केली. जालिंदरनं कंपनीतल्या पाचजणांना गोळा केलं, पंधराशे टाकले, परत केली. कापडवाला, किराणावाला, ट्रॅक्टरवरून उतरलेले पाव्हणे. कुल्फीवाला भैया गाडी सोडून आला, "मेरा पचास लिखो," म्हणाला, आणि त्या पन्नासावर कुणी चढलंच नाही. त्यानं घोंगडी कपाळाला लावून परत दिली. किती वेळा ती वर गेली आणि खाली आली, मी मोजायचं सोडलं. एवढीशी घोंगडी, आणि सगळा बाजार तिच्याखाली उभा.

मग भाजीवाली धुरपदा दीडशेला बोलली आणि घोंगडी काखेत मारून चालू लागली.

"अगं, परत दे की!" कोंडिबा ओरडला.

"का म्हणून? पैसं दिलं न्हवं? मला पावसात बाजारात बसाया पायजे."

लोक कुजबुजू लागले. आत्याबाई पुढं झाल्या, घोंगडीवरून एकदा हात फिरवला. "ने, बाई. तुला पावली ती."

आप्पांनी नोटा मोजल्या. तेवीस हजारांच्या आसपास.

"मेंढरं किती झाली?" आत्याबाईंनी मला विचारलं.

"हजाराला एक धरलं तर तेवीस."

"दोन माझ्यातली घ्या, आप्पा. एक गोळा पुरा करा."

त्या संध्याकाळी आप्पांच्या ओट्यावर टीव्ही लावला होता. बातम्यांत तोफ उडाली. आत्याबाई म्हणाल्या, "वरवंड." दुसरी उडाली. "खुटबाव." मग "पाटस. यवत. केडगाव. शिरूर." प्रत्येक गोळ्याला त्या एक गाव देत होत्या, तिथल्या सगळ्या बाजारासकट. त्यांना ठाऊक असलेली गावं संपली, तोफा चालूच. त्यांनी माझा हात धरला. "पुढची तू सांग. थांबू नगं, तो दगडाला चिकटून बसंल."

मी नकाशातली गावं सांगत राहिले. सांगता सांगता माझा आवाज बारीक झाला. एवढा मोठा देश मी कधी बघितला नव्हता.

दिवाळीत भावजी आले. लंगडत. डाव्या पायाची दोन बोटं बर्फानं खाल्ली होती. आत्याबाईंनी तो पाय मांडीवर घेतला आणि पदरानं झाकला. घोंगडीचं मी त्यांना पत्रात कळवलं होतं.

"आमचा गोळा पोचला का रं?"

भावजी एरवी कशालाही हसणारे. तेव्हा हसले नाहीत.

"पोचला, आई. त्याच्याच आडोशानं वर गेलो."