क्लीव्हलंडच्या कार्यक्रमातली तिसरी मुलगी

कॉर्नेल स्पाइव्ही ऐंशीचा झाला म्हणून डेट्रॉइटमधल्या त्याच्या चर्चने एक पुस्तिका काढायचं ठरवलं. ऑर्गनवर बसून सोल गाणारा हा माणूस तरुणपणी टीव्हीवरच्या रंगारंग कार्यक्रमांत पाहुणा म्हणून जायचा. एक गाणं म्हणायचं, मग त्याच्या जागी जादूगार यायचा, नाहीतर उड्या मारणारी कुत्री. कुठल्या कार्यक्रमात तो काय गायला, मागे कोण होतं, हे सगळं लायनेल पेटवे गोळा करत होता. लायनेल चर्चचा ध्वनिक्षेपक सांभाळायचा आणि पुस्तिका सोमवारी छापायला द्यायची म्हणून घायकुतीला आला होता.

थॅडियस ग्रिग्जला त्या पुस्तिकेतली एकच ओळ हवी होती. त्याची बायको वर्लीन गेल्या वर्षी गेली. लग्नाआधी ती एकदा, एकदाच, स्पाइव्हीच्या मागे टीव्हीवर गायली होती. त्याच्या मागे गाणाऱ्या तीन मुलींपैकी एकीचा घसा बसला, म्हणून ऐन वेळी चर्चच्या गायकवृंदातून वर्लीनला गाडीत घालून क्लीव्हलंडला नेलं होतं. हे ती जन्मभर सांगत आली आणि तिची थोरली बहीण ओसी मे जन्मभर हसत आली. ‘गायली कसली, गाडीत कोट सांभाळत बसली होती,’ असं ओसी मे प्रत्येक सणाच्या जेवणात म्हणायची. वर्लीन चिडायची, ताट घेऊन स्वयंपाकघरात जायची. थॅडियसने ते गाणं ऐकलेलं नव्हतं. तेव्हा त्याची तिची ओळखही नव्हती. पण त्याचा तिच्यावर विश्वास होता.

विश्वासावर छापता येत नाही, असं लायनेलने त्याला सांगितलं. टीव्हीवाल्यांनी त्या कार्यक्रमाची टेप पुसून तिच्यावर दुसरं काही भरलं होतं. खुद्द स्पाइव्हीला विचारलं, तर तो म्हणाला की मुली माझ्या पाठीमागे उभ्या असायच्या, मला दिसायचा तो कॅमेरावाला.

मग पर्ल बॅस्किन वारल्या. वर्लीनची ही काकू. त्यांच्या कपाटात एक टेप निघाली. त्या काळी टीव्हीवर आपला कुणी दिसणार असला की गल्लीभर फोन जायचे, ज्याच्याकडे टीव्ही त्याच्या घरी माणसं मावायची नाहीत. पर्लकाकूंनी तर टेपरेकॉर्डरचा माइक टीव्हीसमोर खुर्चीवर ठेवून कार्यक्रम उतरवून घेतला होता. चित्र नाही, नुसता आवाज. पण क्लीव्हलंडचाच.

रविवारी प्रार्थना झाल्यावर तळघरात जेवणं चालू असताना लायनेलने ती लावली. तळलेला मासा, कोलार्डची पालेभाजी, रताळ्याचं सारण भरून भाजलेला गोड ‘पाय’ अशी ताटं मांडीवर घेऊन सगळे बसले. ओसी मे पुढच्या रांगेत होती. स्पाइव्ही त्या गोडाचा दुसरा तुकडा घेत होता.

आवाज स्वच्छ होता. ऑर्गन, स्पाइव्हीचा कोवळा गळा, मागे तीन मुली. लोकांनी माना डोलावल्या. थॅडियसने डोळे मिटले आणि त्या तिघींत वर्लीन शोधू लागला. सापडेना. एवढी वर्षं शेजारी झोपलेल्या बाईचा आवाज त्याला ओळखता येईना. ताटातला मासा गार झाला.

‘‘काही कळलं, ब्रदर थॅड?’’ लायनेलने हळूच विचारलं.

थॅडियसने नकारार्थी मान हलवली. मग लायनेल कौतुकाने सांगू लागला, की मूळ टेप भयंकर होती, घरातली माणसं गाण्यावर नुसती ओरडत होती, तो सगळा गलका मी कॉम्प्युटरवर बसून काढून टाकला.

थॅडियसने ताट खाली ठेवलं. ‘‘कोण ओरडत होतं?’’

‘‘कोण म्हणजे? सगळेच. आपली माणसं टीव्ही गप्प बसून बघतात होय?’’

‘‘मग तेच लाव. गलका लाव.’’

लायनेलने नाराजीनेच मूळ टेप लावली. खुर्च्या सरकल्या, पोर रडलं, ऑर्गनच्या पहिल्या सुरालाच कुणीतरी ‘गा रे बाबा’ म्हणून टाळी वाजवली. तळघरातल्या लोकांनीही नकळत टाळी वाजवली. मग मुलींचे आवाज आले, आणि त्यांच्यावर चढून एक तरुण, खणखणीत आवाज:

‘‘अगं बाई, वर्लीन! ती बघा कडेची! आणि माझे पांढरे बूट घातलेत भवानीने. मला विचारलंसुद्धा नाही!’’

टेपवरच्या पर्लकाकू म्हणाल्या, ‘‘ओसी मे, गप्प बस, गाऊ दे तिला.’’

थोडा वेळ नुसतं गाणं. मग तोच आवाज, अगदी हळू, माइकच्या जवळ: ‘‘किती गोड दिसतीय ना, काकू?’’

तळघरात सगळ्यांच्या माना ओसी मेकडे वळल्या. ती रुमालात तोंड घालून हसत होती की रडत होती, कळेना. स्पाइव्ही मात्र उघड हसत होता.

‘‘सिस्टर,’’ थॅडियस म्हणाला, ‘‘तुम्ही तिला बघितलं होतंत.’’

‘‘बघितलं होतं तर. बूट नवे होते माझे, थॅड. ईस्टरसाठी घेतलेले. टाच मोडून आणली कार्टीने.’’ तिने नाक पुसलं. ‘‘तिने नुसतं ‘चुकलं’ म्हणायचं होतं, मी तेव्हाच सोडून दिलं असतं. पण ती तरी कुठे म्हणतीय? मग म्हटलं, बस गाडीत कोट सांभाळत.’’

थॅडियसला आधी राग आला. पण वर्लीन ‘चुकलं’ म्हणते आहे असं चित्र त्याने डोळ्यांपुढे आणून पाहिलं, आणि ते काही येईना. तो हसायला लागला. बायको गेल्यापासून तो इतका हसला नव्हता. शेजारच्या बाईंनी त्याला पाणी दिलं.

लायनेल पेन काढून बसला होता. नाव काय घालू, वर्लीन ग्रिग्ज ना, असं त्याने विचारलं.

‘‘माहेरचं बॅस्किन घाल,’’ थॅडियस म्हणाला. ‘‘तेव्हा मी कुठे होतो?’’

‘‘आणि बूट ओसी मेचे, तेही घाल,’’ ओसी मे म्हणाली.

तेवढं घालणार नाही, असं लायनेल म्हणाला. त्यावर अर्धं तळघर ओसी मेच्या बाजूने भांडायला उठलं, आणि त्या भांडणातच कुणीतरी टेप पुन्हा पहिल्यापासून लावली.