हकीमसाहेबांचं विचारणं

हकीमसाहेबांच्या बोटांना बडीशेपेचा मंद वास यायचा. नाडीवर ती तीन बोटं टेकली, की हिवाळ्यातल्या कोवळ्या उन्हासारखी ऊब मनगटातून वर चढत जाई. पण त्याच वेळी त्यांचे थकलेले डोळे रोग्याच्या मुद्रेवर असे स्थिरावत, की त्या उबेतही माणूस आतून आक्रसून जाई.

काळ निजामाच्या अमदानीतला. केजपासून कोसभरावरच्या आमच्या गावात करीमुद्दीन हकीम हाच रोग्यांचा आधार. औषध देण्याआधी ते फार विचारत. काल काय खाल्लं, ताक आंबट होतं का, वैद्याची मात्रा चालू आहे का, कुणी आणखी पुडी दिली का. एकेकटी अमृतासारखी असणारी दोन औषधं एकाच पोटात भेटली की वैरी होऊ शकतात, ही त्यांची आयुष्यभराची धास्ती. वर्षानुवर्षं तेच प्रश्न विचारून आणि तीच अर्धवट उत्तरं ऐकून त्यांच्या स्वरावर धुळीसारखा शीण साचला होता. पथ्य मोडल्याचं कळलं, की मात्र तो शीण भडकून उठे. लोणचं खाल्लेल्या एका म्हाताऱ्याला त्यांनी भरल्या ओसरीवर असं झापलं होतं, की तो औषध न घेताच उठून गेला.

ज्वारी हुरड्यात आली होती तेव्हा आईला खोकला लागला. मी तिला हकीमसाहेबांकडे नेलं. त्यांनी अफूचा अंश असलेलं चाटण दिलं आणि नेहमीप्रमाणे विचारलं, "बेटा, माँजीला आणखी कुणाचं औषध चालू हाय का?"

चालू होतं. नारायणगडच्या यात्रेतून तिच्या गुडघ्यांसाठी काळ्या गोळ्या मीच आणल्या होत्या. आईनं माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे पाहिलं. ओसरीवर सात-आठ माणसं बसलेली. मी म्हणालो, "न्हाई, काईच न्हाई."

तिसऱ्या दिवशी सकाळी आई हाक मारूनही उठेना. हलवलं तेव्हा पापण्या किंचित उघडल्या. "लई झोप येतीया रे लेकरा, पडू दे," एवढंच बोलून ती पुन्हा खोल कुठंतरी उतरून गेली. तिचे श्वास इतके विरळ झाले होते, की एकानंतर दुसरा येईल की नाही, याची वाट पाहावी लागत होती.

मी धावत जाऊन हकीमसाहेबांना घेऊन आलो. त्यांनी आईची पापणी उचलली. डोळ्यातली बाहुली मोहरीएवढी बारीक झाली होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि या वेळी त्यांना काही विचारावं लागलं नाही. मी फडताळातली डबी काढून त्यांच्या हातात ठेवली. त्यांनी गोळी जिभेच्या टोकाला लावली आणि ते थुंकले.

"हिच्यातबी अफूच हाय. चाटणात मी दिली, गोळीत ती वळणाऱ्यानं दिली. कावून सांगितलं न्हाई?"

"तुमी रागवाल म्हणून," मी म्हणालो.

पेटीतून बुंदाची, म्हणजे कॉफीच्या बियांची, पूड काढून त्यांनी ती कडक, काळी उकळवली आणि आईला बसतं करून चमच्याचमच्यानं पाजली. मग एका बाजूनं मी, दुसऱ्या बाजूनं ते, असं तिला अंगणात चालवू लागलो. ती मान टाकी, ते तिच्या गालावर ओला हात फिरवत आणि म्हणत, "माँजी, झोपायचं न्हाई. तुमच्या माहेरची नावं सांगा बरं." ती एक नाव घेई, दुसऱ्यापाशी अडखळे. ऊन अंगणातून भिंतीवर गेलं, भिंतीवरून कौलांवर चढलं. सत्तरीचे हकीमसाहेब तोवर एकदाही बसले नाहीत. दिवस कलताना आईनं आपणहून डोळे उघडले आणि पाणी मागितलं.

तेव्हा हकीमसाहेब उंबऱ्यावर बसले. जणू स्वतःशीच म्हणाले, "एवढी वर्षं मी विचारत राहिलो. पण खरं सांगायला माणसाला भ्या वाटावं, असं विचारलं. चूक माझीबी हाय."

त्यानंतर त्यांचा आवाज चढलेला कुणी ऐकला नाही. लोणचं खाल्लेला कुणीही मान खाली घालून तसं कबूल करी. ते नुसती मान डोलावत आणि औषध बदलून देत. हळूहळू लोक आपल्या पुड्या, गोळ्या, मुळ्या फडक्यात बांधून आणू लागले आणि न विचारता त्यांच्यापुढे सोडू लागले.

आई पुढं चार वर्षं जगली. हकीमसाहेब तिच्याआधी गेले. आज मी त्यांच्या त्या वेळच्या वयाचा आहे. काळ माणसाचा चेहरा आधी नेतो, मग आवाज. पण ज्याच्यासमोर खरं बोलायची भीती उरली नव्हती, त्याची जागा रिकामी झाल्यावरही बराच काळ उबदार राहते.