फिका निळा

मला घरात फौजदार म्हणतात. हे नाव दादाने ठेवलं आणि उगाच ठेवलं नाही. मी बोलायला लागले की समोरच्याने गुमान ऐकायचं, हा माझा खाक्या. त्याच तोंडाने तीन वर्षांपूर्वी मी वहिनीला म्हणाले होते, "पुरे झाले त्याचे हाल! गेलेलं मायलिन परत येत नाही. कशाला रोज त्या माणसाला फरफटवतेस?"

मायलिन म्हणजे मज्जातंतूंवरचं आवरण. ते धड असलं की मेंदूचा निरोप पायापर्यंत झटक्यात पोचतो. दादाच्या शरीराने पंधरा वर्षं स्वतःचंच हे आवरण कुरतडलं. आधी पाय अडखळले, मग हात, मग डोळे. वहिनी त्याला रोज संध्याकाळी काठीच्या आधाराने स्वयंपाकघराच्या दारापासून खिडकीपर्यंत चालवायची. जायची अकरा पावलं, यायची अकरा. तो घामाघूम व्हायचा, कधी रडायचाही. मला बघवेना. शिवाय मी प्रयोगशाळेतली, वीस वर्षं मेंदूचेच नमुने हाताळणारी. माझ्यापुढे वहिनी काय बोलणार? पुढच्या रविवारी गेले तर काठी दिसली नाही. मनात म्हटलं, सुटला बिचारा.

दीड वर्षाने तो गेला. मेंदू संशोधनाला द्यायचा, असं त्याने आधीच लिहून ठेवलं होतं. नातेवाइकांचे नमुने आमच्या हाती देत नाहीत, म्हणून त्याचा दुसऱ्या प्रयोगशाळेत गेला. बरंच झालं म्हणा.

माझं काम तसं साधं. मेणात बसवलेल्या मेंदूच्या तुकड्याचे केसाहून पातळ काप काढायचे, काचेवर घ्यायचे, रात्रभर निळ्या रंगात ठेवायचे आणि सकाळी धुवायचे. खरी कसोटी धुण्यात. मायलिन रंग धरून ठेवतं, बाकीचं सोडून देतं. कमी धुतलं तर सगळंच निळं, जास्त धुतलं तर सगळंच फिकं. नवीन येणाऱ्याला मी एकच सांगते: काच फिकी दिसली की टाका, नवी करा, रडत बसू नका.

त्या मंगळवारी एका पुरुषाचा तुकडा आला. वय छप्पन्न, आजार अठरा वर्षं. बाकी नुसता नंबर. पहिली काच धुतली तर मधोमध मसुराएवढा फिका निळा डाग. "जास्त धुतली वाटतं," म्हणत मी ती डब्यात टाकली. दुसरीचीही तीच गत. तिसरी घड्याळ लावून धुतली. पुन्हा तिथेच, तेवढाच डाग. मी रंगाच्या बाटलीला चार शिव्या हासडल्या, बाटली बदलली.

चौथी काच उजेडात धरली आणि डोक्यात प्रकाश पडला. धुणं चुकलं असतं तर सगळी काच फिकी झाली असती. इथे डागाला खेटून गडद निळं जसंच्या तसं होतं, रेघ मारावी तशी कड. मी डबा उपडा केला, तिन्ही काचा वेचून ओळीत मांडल्या. चारही सारख्या.

तशीच उठून आमच्या प्रमुख बाईंकडे गेले. त्यांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही.

"मायलिन कायमचं जातं तिथे रंगच धरत नाही," त्या म्हणाल्या. "इथे फिका का होईना, आहे. हे परत आलेलं आहे. नवं आवरण पातळ असतं."

"अठरा वर्षांनी? सुरुवातीला थोडंफार येतं, ते मला माहीत आहे. पण इतक्या उशिरा?"

"काहींच्यात येतं. काहींच्यात नाहीच येत. का, तेच तर शोधतोय आपण."

"आणि चालल्याने येतं?"

"उंदरांत तसं थोडं दिसलंय. माणसांबद्दल छातीठोक कुणी सांगू शकणार नाही."

मी तर सांगितलं होतं. छातीठोक सांगितलं होतं. बाईंच्या खोलीतून बाहेर आले तेव्हा मला माझीच लाज वाटत होती. आजवर अशा किती काचा मी डब्यात टाकल्या असतील, देव जाणे.

आता वहिनीला काय सांगायचं? सांगितलं तर तिच्या जिवाला घोर, की आपण उगाच थांबलो. नाही सांगितलं तर माझ्या जिवाला. पाच दिवस मूग गिळून बसले. रविवारी गेले. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. मी एका दमात सगळं ओकून टाकलं.

"माझं चुकलं, वहिनी. चालवलं असतंस तर काय झालं असतं, मला माहीत नाही. पण तेव्हाही माहीत नव्हतं, आणि मी माहीत असल्यासारखी बोलले. तुझा हात मी थांबवला."

तिने हातातली घडी पूर्ण केली. मग उठून आतल्या खोलीत गेली, मी मागोमाग. तिने वाकून पलंगाखालून काठी काढली आणि माझ्यापुढे धरली. टोकाचं रबर इतकं झिजलं होतं, की आतलं लाकूड दिसत होतं.

"हे चौथं रबर," ती म्हणाली.

मला काही कळेना.

"थांबवलं कुणी होतं? आम्ही फक्त रविवारी सुट्टी घ्यायचो. जिन्यात तुझी चाहूल लागली की तो म्हणायचा, लपव, लपव, फौजदार आली! मग तू जाईपर्यंत तोंड पाडून बसायचा, आणि तू गेलीस की हसत सुटायचा. शेवटच्या आठवड्यातही चार पावलं टाकली त्याने."

"अगं, मग मला सांगायचं नाही?"

"तू ऐकलं असतंस?"

मी त्या झिजलेल्या रबरावरून बोट फिरवलं. वहिनीने काठी घेतली आणि सवयीने पुन्हा पलंगाखाली सारायला वाकली.

"राहू दे बाहेर," मी म्हटलं. "आता कुणापासून लपवतेस?"

ती तशीच वाकलेली राहिली. मग काठी हातात घट्ट धरून पलंगाच्या कडेला बसली. मी तिच्या शेजारी बसले आणि आम्ही दोघी रडलो.