बूड बघून घेतलेली गोळी

मोठ्या हॉलमध्ये खरी काडतुसं उडवायच्या परवानगीच्या फॉर्मवर आईची सही सोडून सगळं होतं. शुक्रवारपर्यंत ती झाली नाही, तर आमच्या शुट्झनफेराइनमध्ये, म्हणजे नेमबाजीच्या क्लबात, मी आणखी एक वर्ष एअर रायफलच धरणार होते. मी पंधराची आहे आणि माझा नेम अप्रतिम आहे.

आईचा राग बंदुकीवर नव्हताच. "मोठ्या हॉलमध्ये ते हुफनागेल घरी भरलेली काडतुसं उडवतात. शिशाचा धूर तुझ्या नाकात जाणार."

हेर, म्हणजे श्रीयुत, हुफनागेल आमच्या क्लबातले, बहात्तर वर्षांचे. त्यांनी मला तीन गोळ्या दिल्या, नुसत्या, दारूशिवाय. म्हणाले, "आईला निवडू दे. मुलं असतील त्या दिवशी मी तीच भरीन."

बाबा लुडविग्सहाफेनला एका कंपनीत रंगांच्या थरांवर संशोधन करतात. त्यांनी लगेच तक्ता आखला. पहिली गोळी शिशाची, वर रंग भाजून बसवलेला. दुसरीला तांब्याचा पातळ मुलामा. तिसरीला तांब्याचं जाड जाकीट. जाकीटवालीला आम्ही पहिला नंबर दिला. शेरा मी लिहिला : 'शिसं पूर्ण बंद.' खाली दोन रेघा मारल्या.

आईने तक्ता वाचलाच नाही. जाकीटवाली उचलली आणि उलटी केली.

"अहो, हिचं बूड उघडं आहे."

बाबांनी चष्मा लावला. बूड करडं होतं. शिसंच.

"आल्झो... म्हणजे..." बाबांनी गोळी दिव्याखाली धरली.

"दारू कुठे पेटते?"

"मागे," मी म्हणाले.

"म्हणजे बुडाशीच. तुळशीबागेत भांडं घेताना आधी बूड बघतात. डॉक्टरेट केलेल्यांना कोण सांगणार!"

खोडरबर नव्हतं. मी पेनानेच पहिला नंबर आणि 'पूर्ण बंद' खोडलं. खाली लिहिलं, 'चूक. अन्वी.' आईच्या सहीचं विसरायचं ठरवलं.

आईने उरलेल्या दोन्ही उलट्या करून पाहिल्या. रंगवालीचा रंग बुडाशी उडालेला होता, मुलामावालीला बुडालाही तांबं होतं. "ही."

"मुलामा पातळ असतो. जास्त दारू भरून जोरात मारली तर सोलतो," बाबा म्हणाले.

"मग हळू मारा म्हणावं." तिने खोडलेल्या ओळीवर बोट ठेवलं. "हे तू स्वतःहून खोडलंस?"

"हो."

"पेन दे."

सही केल्यावर तिने फॉर्मच्या रिकाम्या जागेत जर्मनमध्ये लिहिलं : घरी येण्याआधी हात धुणे. हॉलमध्ये खाणे नाही.

शुक्रवारी क्लबात हेर हुफनागेलनी ते दोनदा वाचलं. "गेनाऊ, अगदी बरोबर," म्हणाले, आणि हातातला सँडविच खिशात ठेवला.