व्हॉल्व्हची चावी

माझी पणती राजनंदिनी जन्मली त्या वर्षीची गोष्ट. तिचं बारसं तोंडावर आलं होतं. भर दुपारी पाण्याच्या व्हॉल्व्हपाशी ऋषिराजने रानांना पाणी सोडणाऱ्या नाथाजींचा हात धरला.

"आवं काका, मोबाईलवर पाण्याचा नंबर माझा दिसतोय, आन् पाणी वीरधवलच्या रानात?"

"मोबाईलनं त्याचा दावला, म्हून चावी फिरवली रं."

"व्हय? का त्यानं च्याला बोलावलंवतं?"

लोक हसले. नाथाजींनी लोखंडी चावी ओट्यावर ठेवली आणि ते घरी गेले. वडूजजवळच्या आमच्या गावात रानं सगळ्यांची. पण व्हॉल्व्हला हात जन्मभर त्यांचाच.

कुणाच्या पाण्याची पाळी आहे ते दाखवणारा मोबाईलचा प्रोग्रॅम माझ्या नातीचा, मयूरीचा. ती सांगलीला विश्रामबागेत नोकरीला, बाळंतपणाला माहेरी आलेली. ही हकिगत ऐकून तिने लॅपटॉप उघडला आणि तिचा चेहरा उतरला.

"आजी, प्रत्येकाचं नाव, रान वेगळं ठेवलंय. पण चालू नंबर सगळ्यांत मिळून एकच. त्याला स्टॅटिक म्हणतात. तो मी पब्लिक ठेवला, म्हणजे कुणालाही बदलता येईल असा उघडा. कुणी नुसतं बघायला बटण दाबलं, तरी त्याचाच नंबर तिथं बसायचा. पाळी वीरधवलचीच होती; ऋषिराजनं बघितलं, म्हणूनच नंबर त्याचा झाला."

"मग आता?"

"प्रायव्हेट केला. बघायचा सगळ्यांनी. बदलायचा एकाच वाटेनं, नाथाजीकाकांच्या मोबाईलवरनं."

"लोकास्नी सांगितलंस?"

"दुरुस्त केलं की. आता कुणाला कळायचं न्हाई."

मी उठून बाळाला घेतलं.

बारशाला नाथाजींची बायको मंगल एकटीच आली. तिने बाळाला टोपडं घातलं. मयूरीला मान वर करवेना. पाळणा झाल्यावर ती म्हणाली, "काकू, चूक माझी होती."

"मला सांगून काय? हसली ती माणसं चावडीत बसत्यात, तितं सांग."

बाळंतीण सव्वा महिना उंबरा ओलांडत नाही. मयूरीने त्याच दुपारी ओलांडला. पोर छातीशी धरून चावडीत सगळं बोलली. या खेपेला कुणी हसलं नाही.

ऋषिराज चावी घेऊन नाथाजींकडे गेला. "चुकलो, काका."

"र्‍हाऊ दे गड्या. चावी तूच ठेव. माझा हात चारचौघात धरलास."

तेव्हापासून चावी ऋषिराज फिरवायचा. पण आधी नाथाजींच्या दारात उभं राहून नंबर बदलून घ्यायचा. नाथाजी मोबाईलवर बोट टेकवायचे. त्याच्याकडे बघायचे नाहीत. मयूरी माहेरी आली, की त्यांच्या घरावरून न जाता मागच्या बोळाने जायची.

नाथाजी यंदाच्या कार्तिकात वारले; तोवर यातलं काही बदललं नाही.